सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालतं?

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या कंपनीच्या गच्चीवर दोन वेल मांडवावर चढले, पांढरी फुलं आली, फुलामागे बोटाएवढे दुधीही दिसायला लागले. आणि आठवडाभरात एकेक करून पिवळे पडून गळाले. आम्ही निंबोळी तेल फवारलं, खत वाढवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी दुसऱ्या पाळीचे सिक्युरिटीचे काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही साडेपाचला घरी जाता. फूल त्याच्यानंतर उघडतंय. इथं एवढ्या वर कोण किडा येणार? नर फूल तोडून मादीला लावावं लागतं."

काका परभणीकडचे, गावाकडे कोरडवाहू शेती. त्या संध्याकाळी त्यांनी सहा मादी फुलांना हाताने पराग लावले. त्यातले चार दुधी धरले. आमच्या बागप्रेमी गटात तेव्हा बावीस जण होते आणि त्या बावीस जणांत काका नव्हते. गटात त्यांना घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्याही नाही. आज लिहायला बसले ते याचसाठी.

आमचं ऑफिस भोसरीच्या एमआयडीसीत आहे. खाली शॉप फ्लोअर, वर अकाउंट्स, डिझाइन आणि खरेदी विभाग. गच्चीवर आता चाळीसेक क्रेट, रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि चिरलेले, आडवे कापलेले पाण्याचे जार आहेत. क्रेटच्या तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर गेटजवळच्या रसवंतीतून आणलेली उसाची वाळलेली चिपाडं, मग कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडीशी माती. नुसती माती भरायची नाही, कारण ओली माती घनफुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते आणि स्लॅबचा विचार आधी करावा लागतो. सगळे क्रेट कठड्याच्या कडेने, विटांवर उचलून ठेवलेत, म्हणजे खालून पाणी वाहून जातं आणि गळती लागली तर लगेच दिसते. मेंटेनन्सच्या साहेबांची परवानगी मिळाली ती या विटांमुळे.

कॅन्टीनमधून कोथिंबिरीची देठं, भाज्यांची सालं आणि चहाचा चोथा येतो. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, तो चोथा तसाच टाकला की मुंग्यांची रांग लागते. म्हणून तो आधी दोन पाण्यांनी धुवावा लागतो. धुतं कोण? कॅन्टीनमधल्या मावशी. त्याही गटात नव्हत्या.

आधीच्या नोकरीतला अनुभव सांगते. तिथेही असाच क्लब होता. ५ जूनला बॅनर लावला, टी-शर्ट वाटले, रोपांसोबत सगळ्यांचे फोटो झाले. पावसाळाभर बाग स्वतःच्या जिवावर वाढली आणि आम्हाला वाटलं, आम्ही वाढवली. दिवाळीत ऑफिस पाच दिवस बंद राहिलं. ऑक्टोबरच्या उन्हात कुंडीतली माती दीड-दोन दिवसांत खडखडीत होते. परत आलो तेव्हा टोमॅटो, वांगी, मिरच्या, सगळं वाळून काड्या झालेलं. तिथल्या अ‍ॅडमिनने कुंड्या उचलून भाड्याच्या शोभेच्या झाडांचं कंत्राट दिलं आणि विषय संपला. मला फार राग आला होता त्यांचा. आज वाटतं, त्या पाच दिवसांत पाणी कोण घालणार हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता, मग बाग आमची होती कशी?

जमिनीतलं झाड मुळं खोल नेतं, बरेच दिवस तग धरतं. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. बादलीभर मिश्रणात जेवढा ओलावा, तेवढंच त्याचं आयुष्य. म्हणून कुंडीतली बाग शनिवार-रविवार पाळू शकत नाही, आणि शनिवार-रविवारी ऑफिसात असतात ते सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगचे लोक. जिथे जिथे ऑफिसातली बाग टिकलेली दिसते तिथे हे काम बहुतेक वेळा तेच करत असतात. न सांगता, न मोजता.

तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास ती सुरू केली. हजारो कर्मचाऱ्यांचं जेवण जिथे बनतं, तिथलाच ओला कचरा वर नेऊन त्यावर भाज्या आणि फळझाडंसुद्धा वाढवली. ती बाग उभी राहिली उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्यांच्या साथीने. जे भाजी चिरतात त्यांच्याच हाताखाली माती तयार होत होती. मला त्या बागेतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते.

दुधीच्या प्रसंगानंतर आम्ही नियम बदलले. आता पाणी घालणारा प्रत्येक जण सभासद, मग तो कंपनीच्या पटावर असो की कंत्राटदाराच्या. तोडणीत पहिला वाटा त्या आठवड्यात पाणी घातलेल्यांचा. सुट्टीच्या दिवसांची पाळी कागदावर लिहून लिफ्टशेजारी लावलेली असते आणि त्यात आम्हा वरच्या मजल्यावरच्यांचीही नावं असतात. सुट्टीत जो येईल त्याचा तो अर्धा तास कामाचा धरावा, पैसे मिळावेत, असा अर्ज मी एचआरकडे दिला. दोन महिने लागले, पण मान्य झाला. काहींनी नाकं मुरडली, "छंदाचे कसले पैसे?" असं मला तोंडावर म्हणाले. माझा छंद आहे हो, पण मावशींचं ते तिसरं काम आहे. माझ्या छंदासाठी त्यांनी फुकट राबावं हे मला पटत नाही, आणि हे मी कुठेही ठामपणे सांगेन.

उत्पन्नाचं खरं सांगायचं तर आमच्या गच्चीवर कुणाचं घर चालणार नाही. मेथी महिन्याभरात येते, चार क्रेटमधून सहा-सात जुड्या निघतात, वाटल्या की संपल्या. टोमॅटोवर मावा पडतो, मिरचीला चुरडा-मुरडा येतो. पण गवती चहा रोज कॅन्टीनच्या पातेल्यात पडतो. कढीपत्ता कुणी विकत आणत नाही. एसीचं पाणी पिंपात साठवतो, एप्रिल-मेमध्ये त्याचाच आधार असतो. जिथे त्याची नळी ठिबकते तिथे टबात अळू लावलाय आणि श्रावणात त्याच्या वड्या मावशींनी करून आणल्या. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका, त्यातले क्षार मातीत साठत जातात.

यंदा जुलैअखेर झेंडूची रोपं लावली, महिन्याभराने शेंडे खुडले, म्हणून झाडं पसरून फुटली. खंडेनवमीला खाली लेथ आणि मिलिंग मशीनच्या पूजेला बाजारातून एकही हार आणला नाही. सकाळी सातला काका आणि पहिल्या पाळीची दोन पोरं वर फुलं तोडत होती, मावशी पायरीवर बसून हार ओवत होत्या. मी पोहोचेपर्यंत निम्मे हार झाले होते. मला त्यांनी आंब्याचे टहाळे आणायला पिटाळलं.

तुमच्या ऑफिसात कुंड्या असतील तर आज एक करा. गेल्या रविवारी त्यांना पाणी कुणी घातलं ते विचारा, आणि त्यांना गटात घ्या. दिवाळीची आमची पाळी काल लागली. पाडव्याला मी आहे, भाऊबीजेला काका.