ट्रेलर ओढताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे माझंही उत्तर लांबणार आहे. जड ट्रेलर ओढायचा असेल तर पिकअप ऑटोमॅटिकच घ्या, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. कंपन्या मॅन्युअलची ओढण्याची क्षमता कागदावर मुद्दाम कमी दाखवतात, म्हणजे महागडा गिअरबॉक्स खपतो. उतारावर ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनानेच गाडीचा वेग रोखणं, नसतं. आणि ज्याला क्लच नीट वापरता येतो त्याला या चोचल्यांची गरजच काय?

पहिल्या आक्षेपासाठी तुम्ही जीप ग्लॅडिएटरचा दाखला दिलाय: मॅन्युअलला सुमारे २,०४० किलो, ऑटोमॅटिकला योग्य पॅकेजसह ३,४७० पर्यंत. २०२० च्या मॉडेलचे म्हणून आकडे बरोबर आहेत. पण मग टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं काय करायचं? २०२० च्या बदलापूर्वी ऑस्ट्रेलियात मॅन्युअल डिझेल फोर बाय फोर हायलक्सला ३,५०० किलोची मुभा होती आणि ऑटोमॅटिकला ३,२०० ची. ऑटोमॅटिक खपवायचा डाव असता तर टोयोटाने उलटा आकडा कशाला छापला असता? नंतर दोन्ही ३,५०० वर आले, पण त्याच २.८ लिटर इंजिनाला मॅन्युअलसोबत ४२० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ठेवला आणि ऑटोमॅटिकसोबत ५००. रॅम या अमेरिकी कंपनीच्या २०१८ च्या हेवी ड्युटी पिकअपमध्ये तर ही दरी प्रचंड होती. ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलला जोडलं की सुमारे ८९५ न्यूटन मीटर, आणि आयसिन कंपनीच्या ऑटोमॅटिकला जोडलं की १,२६० च्या आसपास.

म्हणजे इंजिनाला लगाम घातला जातो, हे खरंच. पण तो घालावा लागतो, कारण गिअरचे दाते, शाफ्ट आणि क्लच किती टॉर्क झेलतील याला मर्यादा आहे. त्याहून दणकट क्लच बनवता येतो, मोठ्या ट्रकना असतोच. तो रोजच्या गाडीत बसवायचा तर किंमत, वजन, पेडल सगळंच जड होतं. बाकी रॅमला मॅन्युअल विकायचाच नव्हता म्हणावं, तर फोर्डने आपल्या सुपर ड्युटी या जड पिकअपमधून तो २०१० च्या मॉडेलनंतर काढून टाकला तरी रॅमने पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला होता.

उताराचं थोडक्यात सांगतो. तुमची तक्रार जुन्या तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिकांबद्दल असेल तर मान्य. आताच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारा भाग) लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि चाकं थेट जोडली जातात, आणि टो-हॉल मोडवर (ओझं ओढण्यासाठीच्या सेटिंगवर) ब्रेकला नुसता पाय लावला तरी गाडी स्वतः खालचा गिअर टाकते. शिवाय डिझेलचं नुसतं इंजिन ब्रेकिंग मुळातच मवाळ. घाट उतरवतो तो एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा), आणि तो दोन्हींना लावता येतो. उलट भर उतारावर मॅन्युअलचा गिअर बदलायला क्लच दाबलात की तेवढा वेळ ट्रेलरला धरून ठेवणारं इंजिन सुटलेलं असतं. तेवढ्यात गिअर पडला नाही, तर पुढचं काम ब्रेकचं.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही 'क्लच नीट वापरता आला की झालं' म्हणून सोडून दिलात. भरलेला ट्रेलर चढावर मागे घ्यायचाय असं धरा. रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडला तर गाडी ट्रेलर वळवायला परवडणार नाही इतक्या वेगाने मागे जाते. म्हणून पाय हाफ क्लचवर. थोडं मागे, ट्रेलर वाकडा झाला, थांबा, पुढे घ्या, पुन्हा मागे. त्यात ट्रेलरचं चाक एखाद्या दगडाला अडलं की ॲक्सिलरेटर वाढवावा लागतो, पेडल अर्ध्यावर तसंच, आणि तो ओळखीचा जळका वास येतो. चालक कितीही तयारीचा असो, प्लेट घसरल्याशिवाय गाडी इतकी हळू हलणारच नाही. ती घसरण्याची उष्णता कोरड्या क्लचमध्ये, बंद घंटेसारख्या हाउसिंगच्या आत साठते. तिला बाहेर काढायला काहीच नाही.

घसरणं ऑटोमॅटिकमध्येही होतं, पण तेलात. ते तेल पंपाने कूलरकडे जातं, थंड होऊन परत येतं. वर कन्व्हर्टर थांबलेल्या अवस्थेत टॉर्क साधारण दुप्पट करतो. रॅमच्या मॅन्युअलचा पहिला गिअर जवळपास सहाला एक (म्हणजे टॉर्क सहापट करणारा), आयसिनचा पावणेचारला एक. कागदावर मॅन्युअल पुढे, पण निघताना कन्व्हर्टर धरला की आयसिन सातच्या पुढे जातो, तेही क्लच न जाळता. ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या चाचणीत १२ टक्के चढावर पूर्ण वजनासह पाच मिनिटांच्या मुदतीत पाच वेळा निघून दाखवावं लागतं, पुढेही आणि रिव्हर्समध्येही. तिथे क्लचची काय गत होते, तुम्हीच सांगा.

ऑटोमॅटिकची दुरुस्ती महाग, यावर वाद नाही. तेलाचं तापमान न बघता आणि तेल वेळेवर न बदलता ओढत राहिलात तर तोही जळतो.

मॅन्युअलच ठेवायचा असेल, तर कच्च्या जमिनीवर ट्रेलर मागे घेताना फोर-लो (फोर बाय फोरमधली सर्वात हळू चालणारी गिअर रेंज) टाका. गाडी इतकी हळू चालते की क्लच पूर्ण सोडता येतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळवताना मात्र टाकू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: तुमच्या ट्रेलरचं भरलेलं वजन. हजार-बाराशे किलोच्या घरात असेल तर मॅन्युअल खुशाल वापरा, तेवढ्यासाठी मी भांडणार नाही. तीन टन असेल तर रिव्हर्स कुठे आणि किती वेळा घ्यावा लागतो, तेही कळवा.