रिव्ह्यूला उत्तर: "पाच दिवसांचा पास घ्यायला लावला, मिळाले चारच दिवस"

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री भाच्याने दाखवला, तेव्हापासून तीन वेळा वाचून झाला. आधी माफी मागते. युरोपच्या ट्रिपमध्ये तुम्ही मिलानहून फोन केलात तो उचलला गेला नाही, आणि इंटरलाकेनहून मिलानला जाताना स्पीझला बदलून जी इटलीची गाडी घ्यायची तिला सीटचं रिझर्व्हेशन वेगळं लागतं, हे आम्ही दिलेल्या ट्रिपच्या प्लॅनच्या पीडीएफमध्ये लिहायचं राहिलं. ती चूक आमचीच. (फोनचं एवढंच की मे महिन्यात साडेतीन तासांचा फरक असतो, तिकडचे सव्वाअकरा म्हणजे आमच्याकडे रात्रीचे पावणेतीन. पण असो, उचलायला हवा होता.)

पण "पाच दिवसांचे पैसे उकळले आणि चार दिवसांचा पास टेकवला, पाचवा दिवस गायब" असं जे लिहिलंय ना, ते वाचून खरंच वाईट वाटलं. उकळायला पैसे आमच्या हातात आलेच कुठे? युरेलचा पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांत चालणारा रेल्वेचा पास, तुम्ही तुमच्याच कार्डाने तुमच्याच घरी बसून घेतलात, मी फक्त फोनवर होते. आमच्याकडे आली ती आमची प्लॅनिंगची फी, ६,००० रुपये चौघांचे मिळून, त्यात रूट दोनदा बदलून दिला. आधी पॅरिस हवं होतं मग नको झालं, तरी काही बोललो नाही. उलट पॅरिसवरून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्हीत (फ्रान्सची फास्ट गाडी) पासवाल्यांचा सीटचा कोटा मोजका असतो, तो भरला की पास खिशात असून गाडीत बसता येत नाही, म्हणून आम्हीच तुम्हाला जर्मनीवरून नेलं, तिथे आयसीईला (तिकडची फास्ट गाडी) रिझर्व्हेशनची सक्ती नाही. मुलगा १२ च्या आतला म्हणून त्याचा पास फुकट, सासूबाई ६० च्या वरच्या म्हणून त्यांना १० टक्के सूट, हेही आम्हीच सांगितलं होतं. रिव्ह्यूमध्ये त्यातलं काहीच नाही.

आता त्या गायब दिवसाचं सांगते, कारण इथे दुसरे लोकही वाचतात. तुमचा पास होता एका महिन्यात कुठलेही पाच दिवस. आपल्या एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास असतो तो चार नाहीतर सात दिवसांचा, पण सलग. याचे दिवस सुटे. सुटे म्हणजे कुठल्या तारखेला वापरायचे ते तुमच्या हातात, पण वापरलेला दिवस वापरलाच. रात्री बारा ते रात्री बारा हा एक दिवस, त्यात एक गाडी घ्या नाहीतर सहा घ्या, सतरा मिनिटं जा नाहीतर नऊ तास. तुमचे पाच असे होते: ॲमस्टरडॅम ते कोलोन, कोलोन ते लुझर्न, लुझर्न ते इंटरलाकेन, इंटरलाकेन ते मिलान आणि मिलान ते रोम. बरोब्बर पाच, एकही जास्तीचा नाही.

झानसे स्कान्सच्या पवनचक्क्या आम्ही मुद्दाम कोलोनला निघायच्या दिवशीच सकाळी टाकल्या होत्या. ॲमस्टरडॅम सेंट्रलहून सतरा-अठरा मिनिटं गाडीने, बघून परत यायचं, हॉटेलातून बॅगा उचलायच्या आणि दुपारची कोलोनची गाडी. सगळं एकाच दिवसात बसत होतं, पवनचक्क्यांचा वेगळा दिवस लागतच नव्हता. तुम्ही गेलात आदल्या दिवशी. कारण हवा छान होती, आणि "फ्लेक्झिबल आहे म्हणालात ना". म्हणाले होते सर, नाकारत नाही. पण आदल्या दिवशी जायचं तर साधं तिकीट काढायचं होतं, चार-पाच युरोचं, आणि तेही काढायला नको, हॉलंडमध्ये बँकेचं कार्ड गेटवर टॅप केलं की जाता येतं. तुम्ही गेटला पासचा क्यूआर दाखवलात. मला कळतं, मागे लाईन असते, मुलगा हात ओढतोय, गेट उघडत नाही, माणूस जे हाताशी असेल ते दाखवतो. पण त्याआधी पासच्या ॲपमध्ये प्रवासाचा दिवस चालू करावा लागतो, ॲप विचारतं, आणि चौघांचे पास तुमच्याच फोनमध्ये असल्यामुळे चौघांचाही एकेक दिवस तिथेच गेला. सतरा मिनिटांसाठी. मग मिलानला ॲप उघडलंत तर दिवस शिल्लक नाही, रोमच्या फास्ट गाडीची ऐनवेळची तिकिटं काढावी लागली, साडेतीनशेच्या वर युरो गेले, तो राग आमच्यावर निघाला. राग समजू शकते, रक्कम लहान नाहीये.

आणि हे आम्ही सांगितलं नव्हतं असं नाही. पीडीएफच्या तिसऱ्या पानावर पिवळ्या रंगात आहे, "छोट्या प्रवासाला पास वापरू नये, दिवस जातो". शिवाय निघायच्या आदल्या दिवशी मी साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला होता, त्यात फक्त हेच आणि रोमच्या गाडीच्या रिझर्व्हेशनचं होतं. त्यावरचा माईक आजपर्यंत निळा झालेला नाही, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, पण तो इथे टाकणार नाही, बरं दिसत नाही ते. साडेसहा मिनिटं जास्त झाली असतील, घरचे पण म्हणतात मी लांबण लावते.

आमचं ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली, मी आणि भाचा, बास. जाहिरातीला पैसे नाहीत, लोक हे स्टार बघूनच येतात. काल एका पार्टीने दिवाळीच्या ट्रिपचं "थोडं थांबू" म्हणून कळवलं, कारण विचारलं तर तुमच्याच रिव्ह्यूची लिंक पाठवली. स्टार काढा असं म्हणत नाही, मनाला येईल ते ठेवा. पण "उकळले" हा शब्द तेवढा बदलता आला तर बघा.

पीडीएफमध्ये सुधारणा करतोच आहोत, पासच्या दिवसांचं पहिल्या पानावर घेऊ, रात्रीच्या फोनचंही काहीतरी बघतोय. स्पीझला सीटचे जे जास्तीचे पैसे भरलेत त्याची पावती असेल तर व्हॉट्सॲप करा, तेवढे आजच जीपे करते. आणि तो मेसेज अजून डिलीट केला नसेल तर एकदा ऐका.