बाहुलीचं कपाट उघडा

माझी भाची नॉर्वेमध्ये स्टॅव्हेंजरला शिकते. इथं सोलापुरात मेकॅनिकल केलं आणि पुढच्या शिक्षणाला तिकडं गेली. मागच्या आठवड्यात त्यांच्या वर्गाला लेर्डाल ही वैद्यकीय प्रशिक्षणाच्या बाहुल्या करणारी कंपनी दाखवायला नेलं होतं. रात्री व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवून म्हणाली, "मावशी, ही ओळखतेस का?"

न ओळखायला काय झालं! निओनॅटली, नवजात बाळाला श्वास द्यायचा सराव करायची बाहुली. पोटात कोमट पाणी भरलं की दोन किलोच्या बाळासारखी हाताला जड लागते, उचलली की मान तशीच लटकते. बाजूचे रबरी फुगे दाबले की रडते, श्वास घेते, नाळेचे ठोकेही लागतात. आणि दाबायचे थांबलं की गप्प. त्या गप्प बाळाचं काय करायचं, हे मी नर्सिंगच्या मुलींना 19 वर्षं शिकवतेय.

ही कंपनी मुळात खेळणी करणारी. तोंडानं श्वास कसा द्यायचा याचा सराव करता यावा म्हणून आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये ॲन नावाची बाहुली काढली, तिथून त्यांची वाटच बदलली. 2010 मध्ये त्यांनी फक्त माता आणि नवजात बाळांसाठी, नफा न घेणारी वेगळी कंपनी काढली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हे प्रशिक्षण सुरू केलं. ही बाहुली त्यासाठीच तयार झाली.

भाची सांगत होती, "तीनदा मास्क लावला गं, छाती हललीच नाही. सगळी हवा गालावरून फुस्स." मला इतकं बरं वाटलं! कारण सगळी मेख तिथंच आहे. न रडणाऱ्या बाळाच्या तोंडा-नाकावर मास्क धरून, त्याला जोडलेली रबरी बॅग हातानं दाबून श्वास द्यायचा असतो. अंगठा आणि तर्जनीचा मास्कवर इंग्रजी सी करायचा, उरलेल्या तीन बोटांनी हनुवटी उचलून धरायची, मान ना फार मागं ना पुढं. आणि बघायचं बाळाच्या छातीकडं, हातातल्या बॅगेकडं नाही. पुसणं, पाठ चोळणं, तळव्याला टिचकी, एवढ्यानं बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग लावायची. वाचून हे कुणालाही पाठ होतं. हाताला यायला मात्र शंभर वेळा करावं लागतं, आणि महिनाभर केलं नाही तर हात विसरतो.

मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं आहे ना ही? मग रोज करत असाल."

मी विषय बदलला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहितेय.

1998 ची गोष्ट. मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण केंद्रात नवीन लागले होते. पहाटेची डिलिव्हरी, मुलगा, रडेना. आम्ही पाठ चोळली, तळवे चोळले. बाहेर सासू ताट बडवत होती. अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची तीच बॅग, कपाटात आणि किल्ली इनचार्ज सिस्टरांकडं, त्या आदल्या दिवशीच मीटिंगसाठी सोलापूरला गेलेल्या. शेवटी आयाबाईंनी बत्त्यानं कुलूप फोडलं. किती मिनिटं गेली, कुणी घड्याळ पाहिलं नाही. बाळ रडलं. आम्ही पेढे खाल्ले.

काही वर्षांनी गड्ड्याच्या जत्रेत ती बाई भेटली. सहा वर्षांचा मुलगा कडेवर. मान सावरत नव्हती त्याची. श्वासाविना गेलेली ती मिनिटं मेंदूला भोवली असणार. तिनं मला ओळखलं आणि त्याचा हात धरून मला नमस्कार करायला लावला.

आजही मी जिथं जिथं गेले, तिथं या बाहुल्या बऱ्याचदा कुलपात पाहिल्या. सिस्टर निष्काळजी आहेत म्हणून नव्हे. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या सरकारी नोंदवहीत, चढलेली असते. फाटली, हरवली तर जिच्या ताब्यात तिच्याकडून वसुली. मग कोण काढेल बाहेर? तपासणी आली की टेबलावर मांडायची, फोटो काढायचे, परत पिशवीत. सरकारनं 2009 पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात प्रशिक्षणं दिली, ती चांगली होती, मी स्वतः घेतली आहेत. पण दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि वर्षभर कुलूप, यानं हात तयार होत नाहीत. सरावानं झिजलेली बाहुली वसुली न लावता रजिस्टरमधून कमी करायची, एवढा एक नियम झाला तरी फार होईल. ती लेबर रूमच्या कोपऱ्यात उघडी असावी, आणि ड्युटी बदलताना दोघींनी पाच-पाच मिनिटं करावी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या पती-पत्नींनी गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्यात हेही होतं, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्या बायका जे शिकल्या, ते आमच्या मुलींना का जमू नये?

बाळंतपणाच्या सरावाची, आईसाठीची मामानॅटलीही आहे. ती आपण पोटाला बांधायची, आपणच बाळंतीण व्हायचं. लाल पाणी वाहायला लागलं की समोरच्या मुलीला विचारायचं, किती गेलं? मुली हमखास कमी सांगतात. अर्धा लिटर झालं की ते अतिरक्तस्राव, पण चादरीत मुरलेलं रक्त डोळ्याला कमीच वाटतं. आपल्याकडं विड्या वळणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी. त्यांना तेवढंही सोसत नाही.

आणि हो, आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांची व्हिजिट साखर कारखान्यात, टॉवेलच्या मागांवर जाते, जावीच. पण एकदा नर्सिंगच्या स्किल लॅबमध्येही आणा. कॉलेजच्या सरांनी मेसेज करावा, शनिवारी दुपारी मी रिकामी असते.

सोमवारी मी आमची बाहुली काढली. वर्गात नाही, कॉरिडॉरमधल्या टेबलावर ठेवली. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, मधल्या सुट्टीत एकटीच उभी राहून बॅग दाबत होती. दाब-दोन-तीन असं शिकवलंय, पण ती तेलुगूत मोजत होती. ओकटी, रेंडू, मूडू. चौथ्या वेळेला छाती वर आली.