चिमूट किती ग्रॅमची?

फ्रॉक पिशवीत घालून मी कट्ट्यावर नेला होता. पोरीचा, पांढरा, कॉलरला बारीक निळी शिवण असलेला. गावच्या जत्रेत तिनं म्हातारीचे केस खाल्ले, ओठ बाहीला पुसले आणि बाहीवर जो गुलाबी डाग बसला तो तीन धुण्यांत फिका झाला, पण गेला नाही. बायकोनं साबण घासला, लिंबू लावलं. डाग कडेनं पसरला, मध्ये तसाच राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाहीला लागला त्याच्या किती तरी पट रंग तिच्या पोटात गेला होता, आणि ते केस तिला मीच घेऊन दिले होते.

आमचा कट्टा सांगलीत, हरिपूर रस्त्याला. साडेसातच्या सुमाराला एकेक जण येतो. बापू मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत. पिंट्या लग्नाकार्याची जेवणं करतो. मास्तरांनी ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. नानांचं सराफी दुकान कट्ट्यासमोरच आहे, ते शटर अर्धं ओढून येतात.

मी फ्रॉक काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"ऱ्होडामिन बी असू शकतं," मास्तर डागावरून अंगठा फिरवत म्हणाले. "कापड, कागद रंगवायचा रंग. खाण्यात त्याला परवानगी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूनं यापायीच म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, पुदुच्चेरीनं घातली. पण एक ध्यानात ठेव, डाग गेला नाही म्हणजे तोच रंग, असं होत नाही. खायचा मंजूर रंगसुद्धा सुती कापडावर बसतो. डाग हा पुरावा नव्हे."

"मग पुरावा कुठनं आणायचा?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"ते नंतर बोलू."

पिंट्या मध्ये पडला. "मास्तर, सगळे रंग सारखेच की! बंद करून टाकावेत. तिकडं म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक. त्यांनी गोबी मंच्युरियनमधला रंग बंद केला, २०२४ च्या मार्चमध्येच. अमेरिकेनं तर तो लाल रंग काढलाच."

"२०२५ च्या जानेवारीत. पण काढला म्हणजे लगेच नव्हे, कंपन्यांना २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिलीय. रेड नंबर तीन. आपण त्याला एरिथ्रोसिन म्हणतो. केकवरच्या लाल चेरीत बऱ्याचदा तोच असतो. नर उंदरांना भरपूर खाऊ घातला तर थायरॉइडच्या गाठी झाल्या, म्हणून १९९० मध्ये त्यांनी तो लिपस्टिक-पावडरीतनं काढला. खाण्यातनं काढायला पुढची ३५ वर्षं लागली. त्यांच्याकडं १९५८ पासून कायदा आहे की प्राण्यात कॅन्सर करणारी गोष्ट अन्नात घालायची नाही. कायदा होता, तरी एवढा वेळ गेला."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्या यादीत तो आहे." मास्तर बोटांवर मोजायला लागले. "लालमध्ये पाँसो ४ आर, कार्मोइसिन आणि हा एरिथ्रोसिन. पिवळ्यात टार्ट्राझीन, सनसेट यलो. निळ्यात इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू. हिरव्यात फास्ट ग्रीन. आठ. बाकी कुठलाही कृत्रिम रंग अन्नात चालत नाही. आणि हे आठसुद्धा सगळीकडं नाहीत. ठरलेल्या पदार्थांत, आणि बहुतेकांत किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत."

युरोपातली गोष्ट मला माहीत होती, ती मी सांगितली. २००७ मध्ये इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी मुलांना रंगांचं मिश्रण देऊन बघितलं, काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो, मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो म्हणून. त्या सहांतले चार रंग आपल्या आठांत आहेत. तिथली आई पाकीट वाचून ठरवते, घ्यायचं की नाही. माझ्या पोरीच्या हातातल्या काडीवर काहीच छापलेलं नव्हतं.

इथं पिंट्याला राग आला, आणि त्याचा राग खोटा नव्हता. "कायदा काय कंपनीला आणि गाडेवाल्याला सारखाच लागतोय व्हय? मी जिलेबी करतो. पाच किलोच्या घाण्याला एक चमचा रंग. माझा बाप चिमटीनं घालायचा. लोकांना पिवळीधमक पायजे. फिकी केली तर यजमान म्हणतोय, आचाऱ्यानं काटकसर केली. मी काय करू?"

"चमचा म्हणजे किती?" नानांनी विचारलं. ते कमी बोलतात, पण वजनाचा विषय निघाला की गप्प राहवत नाही.

"चमचा म्हणजे चमचा."

"आण बघू."

पिंट्याच्या गाडीच्या डिकीत सामान असतंच. त्यानं एक प्लास्टिकची डबी आणली, तिच्यातलाच छोटा चमचा, आणि सोबत कागदाची एक पुडी. डबी संपत आली की पेठेतनं सुटा रंग आणतो, तो पुडीत. नानांनी दुकानातनं सोन्याचा काटा आणला. कट्ट्यावर वारा लागून आकडे नाचायला लागले, म्हणून आम्ही सगळे शटरखालनं आत गेलो. नानांनी बटर पेपरचा तुकडा ठेवून काटा शून्यावर आणला आणि पिंट्यानं नेहमीसारखा चमचा भरून ओतला.

२.८ ग्रॅम.

मास्तरांनी चष्मा वर करून डबीवरची बारीक अक्षरं वाचली. रंगाचं प्रमाण १५ टक्के, बाकी मीठ. मग नानांच्या पावतीच्या मागं गणित मांडलं. २.८ चे १५ टक्के म्हणजे ०.४२ ग्रॅम. पाच किलो जिलेबीला मर्यादा किती, तर पाचशे मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅम. पिंट्या मर्यादेत बसत होता. अगदी कडेला, पण आत.

"बघा!" पिंट्या म्हणाला. त्याचा चेहरा उजळला आणि मला खरंच बरं वाटलं. त्याच्या हातची जिलेबी माझ्या घरात दर कार्याला असते.

"थांब," मास्तर म्हणाले. "आता पुडी. हिच्यात मीठ किती?"

पिंट्यानं पुडी उलटसुलट केली. शाळेच्या वहीचा कागद, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी हातचे शुद्धलेखनाचे शब्द.

"माहीत नाही ना? समज, हिच्यात मीठ नाहीच, ८५ टक्के रंगच आहे. तोच चमचा, तोच घाणा. २.४ ग्रॅम झाला. मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. आणि रंग त्या आठांतला आहे असं धरून मी बोलतोय. तो तसा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

पिंट्या काही बोलला नाही. चमचा पुसत राहिला.

मला इतके दिवस जे सांगता येत नव्हतं ते त्या काट्यावर मला दिसलं. आम्ही रंग बंद करावेत की नाही यावर भांडत होतो. पण एकाच माणसाच्या हातचा एकच चमचा डबीतनं कायद्यात बसतो आणि पुडीतनं बसतो की नाही हे देवालाही सांगता येणार नाही. फरक होता तो डबीवरच्या एका ओळीचा. नाव आणि टक्केवारी. ती ओळ नसेल तर भला माणूससुद्धा नीट वागू शकत नाही, आणि पिंट्या भला माणूस आहे.

बापू एवढा वेळ गप्प होते. हळदीचं नाव निघाल्याशिवाय ते विषयात शिरत नाहीत, म्हणून मीच विचारलं, हळदीत काय चालतं?

"हळदीत कायबी चालत नाही," ते तटकन म्हणाले. "मसाल्यात वरनं रंग घालायलाच बंदी हाय. मर्यादा बिर्यादा काय नाही, शून्य. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय फुकट नव्हे."

"पण घालतात की," पिंट्या म्हणाला.

"दळलेल्यात घालतात. मेटॅनिल यलो, खायला बंदी असलेला रंग. हळकुंडाचं निराळं. शिजवून वाळवलेलं हळकुंड मातकट असतंय, वर साल. ड्रममध्ये घालून फिरवलं की साल घासून जातंय, पॉलिश होतंय. सौद्याला व्यापारी मूठभर उचलतो, एक कांडं कट्‌कन मोडतो आणि आतलं बघतो. पण पहिली नजर वरच्या पिवळ्यावरच जाते. भिजलेल्या मालाला विचारत नाही कोण. २००५ च्या पुरात इथं हरिपूरच्या पेवांत, जमिनीतल्या कोठारांत, पाणी शिरलं, तवाची हळद मी बघितलीय. काळवंडलेली. तिला पिवळं करायचा मोह कुणाला व्हणार नाही?"

मास्तर पुढं सरकले. "बांगलादेशात नेमकं हेच झालं. ऐंशीच्या दशकात मोठा पूर आला, हळद ओली राहिली, रंग गेला, आणि पॉलिश करताना लेड क्रोमेट लावायची सवय लागली. लेड म्हणजे शिसं. फर्निचरच्या पिवळ्या रंगातलं. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं आणि माग काढत काढत संशोधक हळदीपर्यंत पोचले. मुलांच्या मेंदूला शिसं कितीही कमी असलं तरी वाईट."

"पाण्यात टाकून कळतं की," मी म्हणालो. ते मी घरी करून बघितलं होतं. ग्लासात हळद सोडायची, खाली बसली आणि पाणी फिकं राहिलं तर चांगली.

"पाण्यात विरघळणारा रंग असेल तर कळतं. लेड क्रोमेट विरघळत नाही. हळदीसारखंच तळाला जाऊन बसतं. तुझा ग्लास पास करेल त्याला."

हे ऐकून मी गार झालो. महिनाभर मी त्या ग्लासावर विसंबून होतो.

"मग काय उपाय?" पिंट्या म्हणाला. "कायदा असून उपयोग नाही, घरी कळत नाही."

"तिथं झाला ना उपयोग! २०१९ मध्ये त्यांच्या सरकारनं हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन ढाक्याच्या ठोक बाजारात धाड घातली. जागेवर तपासणी, जागेवर दंड, माल जप्त. बाजारात नोटिसा लावल्या. २०१९ मध्ये शंभरांतल्या ४७ नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये शून्य."

"दोन वर्षांत?" बापूंनी विचारलं. आवाजात कौतुक होतं आणि थोडी लाजही. "आपल्या मिरचीचंही तसंच झालं होतं की. सुदान नावाचा तांबडा रंग सापडला, २००५ मध्ये इंग्लंडात दुकानांतनं शेकडो पदार्थ काढून टाकले. निर्यातीच्या मिरचीला सरकारच्या मसाला मंडळाची तपासणी सक्तीची हाय. परदेशी जाणारं पोतं तपासून जातंय, बाबा."

"आणि आमच्या घरात येणारं?" मी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. मला त्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आजही. माझ्या पोरीची जीभ ही लंडनच्या पोराच्या जिभेपेक्षा स्वस्त नाही.

मास्तरांनी फ्रॉकची घडी घातली. "तू पुरावा विचारत होतास. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याचं चाळिसावं कलम. अधिकाऱ्यानंच नमुना घ्यायला पाहिजे असं नाही. विकत घेणारा कुणीही फी भरून अन्न विश्लेषकाकडनं तपासून घेऊ शकतो. अहवालाला १४ दिवस. माल वाईट निघाला तर फी परत."

"मग ही पुडीच न्या की," पिंट्यानं ती पुढं केली.

"ही चालत नाही. घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हे मी तपासायला नेणार आहे."

पिंट्याचा हात तिथंच थांबला. त्या दुकानात त्याची पंधरा वर्षांची उधारी चालते. लग्नसराईत पैसे अडकले की तोच दुकानदार त्याला साखर-तूप देतो. नानांनी काट्यावरचा बटर पेपर उचलला, त्याला चिकटलेला रंग फुंकला, आणि सबंध काउंटरवर बारीक केशरी धूळ पसरली. ती पुसायला त्यांना ओलं फडकं घ्यावं लागलं.

"तू नको येऊस," मी पिंट्याला म्हणालो. "मी जातो आणि मीच सांगतो. तू फक्त दुकान दाखव."

त्यानं पुडी परत डिकीत टाकली नाही, नानांच्या काउंटरवरच ठेवली. "दाखवायचं काय त्यात," तो म्हणाला. "उद्या दहाला दुकान उघडतंय. संगंच जाऊ."