अठरा टक्के कमिशन म्हणून किंमत अठरा टक्के वाढवली, तरी तोटा का?

‘ऑनलाइन विक्रीची मार्केटप्लेस आणि पेमेंट सेवा मिळून १८ टक्के कापतात ना, मग किंमत १८ टक्के वाढवा, हिशेब बरोबर,’ असा सल्ला विक्रेत्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कपात तुमच्या मूळ रकमेवर नव्हे, वाढवलेल्या किमतीवर होते.

हातात १००० हवेत म्हणून ११८० लावले, तर कपात २१२.४० आणि उरतात ९६७.६०. बेरीज नको, भागाकार करा. १८ टक्के कापून ८२ टक्के, म्हणजे ०.८२ उरतात, म्हणून १००० ÷ ०.८२, म्हणजे सुमारे १२१९.५१. प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक शुल्कही असेल, समजा १०, तर ते भागाकाराआधी मिळवा: १०१० ÷ ०.८२ = १२३१.७१. स्वस्त वस्तूंना हेच ठरावीक शुल्क झोंबतं. १००च्या विक्रीवर ते एकटंच १० टक्के होतं. अशा वस्तू दोन-तीनच्या जोडीनं विकलेल्या बऱ्या.

टक्केवारी कशावर लागते तेही दरपत्रकात बघा. बऱ्याच ठिकाणी ग्राहकानं भरलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे डिलिव्हरी खर्च धरून, लागते. मग डिलिव्हरीचा खर्चही त्याच ०.८२ ने भागावा लागतो. नुसता वर चढवला तर कुरिअरच्या पैशांतला काही भाग पदरचा जातो.

आणि परतावा? ग्राहकाला पूर्ण रक्कम जाते, पण पेमेंटचं शुल्क अनेक सेवा परत करत नाहीत.