मिशी कंटिन्युइटीत आहे

जून २०२२ ते सप्टेंबर २०२४ या काळात माझ्या मिशीवर माझा हक्क नव्हता. तिची लांबी, जाडी, डाव्या टोकाची जरा खाली वळायची खोड, सगळं एका एकवीस वर्षांच्या मुलीच्या मोबाइलमध्ये तारीखवार जमा होतं. मिशी ज्याच्या तोंडावर होती त्याला कुणी विचारत नव्हतं.

चूक माझीच. कॉलेज रोडला चहा पिताना लांब्या म्हणाला, "सिनेमा करतोय. तुला काम आहे त्यात." चहाचे पैसे देऊन गाडीला किक मारायची सोडून मी विचारलं, "कुठलं?"

लांब्या इंजिनिअरिंगला आमच्याबरोबर होता. आता तो एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो आणि उरलेल्या वेळात दिग्दर्शक असतो. गोष्ट त्यानेच लिहिली होती. चार मित्र, चौघंही तिशीला टेकलेले. एकाला पुण्याला नोकरी लागलीय, एकाचं लग्न ठरलंय, एकाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केलाय आणि चौथ्याला यातलं काहीच व्हायला नकोय. मग मे महिन्यातल्या एका रात्री चौघं दोन गाड्यांवर नाशिकभर हिंडतात, घाटावर भांडतात, सकाळी मिसळ खातात आणि आपापल्या घरी जातात. एवढंच. "विनोदी आहे," लांब्या म्हणाला, "पण आतून."

मी फ्लॅटवाला. संवाद एकूण बावीस, त्यात 'हप्ता' हा शब्द चौदा वेळा. अभिनय शिकायची गरजच पडली नाही.

"चार रविवार दे फक्त," लांब्या म्हणाला. "एका रात्रीची तर गोष्ट आहे."

त्या एका रात्रीला सव्वादोन वर्षं लागली. पैसा भिशीचा होता. दहा जणांची दरमहा पाच हजारांची भिशी, पहिला नंबर लांब्याचा. ते संपले की दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागेपर्यंत आणि तो विरघळेपर्यंत शूटिंग बंद. पण खरी मेख कॅमेरामनमध्ये होती. तो लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा, लेन्स, दिवे, सगळं त्याचं, वर एक रुपया घेणार नाही. अट एकच, लग्नाच्या तिथीला बोलवायचं नाही. त्यामुळे आमचं शेड्यूल भिंतीवरच्या कालनिर्णयने ठरवलं. मे महिन्यात तर तो भेटणंच शक्य नव्हतं. मोकळा कधी, तर चातुर्मासात. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न. म्हणजे उन्हाळ्यातली एक कोरडी रात्र आम्ही भर पावसाळ्यात चितारणार होतो.

लांब्याने गोष्टीतला महिना बदलला नाही. मला तेविसावा संवाद दिला. "काय रे, मे महिन्यात पाऊस!" हे वाक्य मी सिनेमात नऊ वेळा म्हणतो आणि प्रत्येक वेळी मला नव्याने आश्चर्य वाटतं.

तर कंटिन्युइटी. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर सलग दिसणारं दृश्य तुकड्यातुकड्यांत घेतात. दाराबाहेर बेल दाबणारा हात आज, दार उघडून आत येणारा माणूस आठ महिन्यांनी. दोन्हींत शर्ट, केस, घड्याळ, घाम सगळं तेच लागतं. हे सांभाळायला लांब्याने आपली मावसबहीण नेमली होती. आर्किटेक्चरला शिकणारी, चणीने एवढीशी, पण तिने भुवई उचलली की कॅमेरामनसुद्धा लेन्स पुसायला लागायचा. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने चौघांना ओळीत उभं करून पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाली, "दादा, आता सिनेमा संपेपर्यंत असेच राहा."

वयात येणाऱ्या चार माणसांचा सिनेमा, आणि त्या चौघांना सक्त ताकीद, कुणी एका दिवसानेही मोठं व्हायचं नाही.

शर्टचंच घ्या. निळ्या चौकटीचा शर्ट, मेन रोडवरून एकसारखे तीन घेतलेले. पहिला धुऊन धुऊन आकाशी झाला. दुसरा गाडीच्या सायलेन्सरला चिकटला. तिसरा इतका जपला की बायको म्हणाली, "माझ्या पैठणीला पण तू इतका जपला नसतास." मी घरी ज्या कपाटात विमा आणि मार्कशीटा ठेवतो तिथे तो होता. नात्यातल्या एका पोराने दिवाळीत तो बाहेर काढला तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की त्याच्या आईने अजून आमच्या घरी पाऊल टाकलेलं नाही.

मग २०२३ साली अधिक श्रावण आला. चातुर्मास चाराचा पाच महिन्यांचा झाला. लांब्याने युनिटला पेढे वाटले, "निसर्ग आपल्या बाजूने आहे रे." निसर्ग असेल, सासुरवाडी नव्हती. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खायला घालतात हे त्या फिजिक्सवाल्याला कुठून माहीत असणार? सासूबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले, त्यावर तुपाची धार, आणि निघताना चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे. ते वाटून खायचे असतात असं बायको म्हणाली, पण तोवर वीसच उरले होते. पुढच्या रविवारी तिसऱ्या शर्टचं तिसरं बटण लागेना. मॅडमनी शांतपणे कात्री घेतली, शर्ट पाठीवर वरपासून खालपर्यंत कापला आणि दोन्ही कडा सेफ्टी पिनांनी बनियनला टाचल्या. तिथून पुढे मी संपूर्ण सिनेमात कुणाकडेही पाठ फिरवत नाही. निघून जातानासुद्धा उलटा चालत जातो. परवा एक जण पाहून म्हणाला, त्यातून मित्रांना सोडवत नाही हे फार छान दिसलंय.

मिसळीचं दृश्य मखमलाबादकडच्या एका मळ्यात होतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, बाजूला पापड, दही, शेवटी जिलेबी, सगळा सरंजाम. मी पहिला घास घेऊन म्हणायचं, "हप्ता सुरू झाला की बाहेरचं खाणं बंद." अकरा टेक झाले. प्रत्येक टेकला तर्रीची पातळी तीच, पापड त्याच जागी मोडलेला, लिंबाची फोड घड्याळात पाच वाजतात त्या दिशेला. मॅडमनी शेवेच्या काड्या मोजल्या असा माझा आरोप आहे, ती तो फेटाळते. साडेबारापर्यंत मी सात प्लेट मिसळ खाऊन बाहेरचं खाणं बंद करण्याबद्दल बोलत होतो. अकराव्या टेकला डोळ्यांतून पाणी आलं. लांब्या म्हणाला, "हेच! हेच पाहिजे होतं!" ते पाणी कशाचं होतं हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगावंसं वाटत होतं, पण मी फोन घेऊन जिथे बसलो होतो तिथून सांगणं बरं दिसलं नसतं.

घाटावरचं भांडण त्याहून अवघड. मागे नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा दिसला पाहिजे असा लांब्याचा हट्ट. आधी माझ्या बाजूने कॅमेरा लावून माझे संवाद घेतले. मारुतीराय कोरडे ठणठणीत. समोरच्याचे संवाद पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी ओसरत ओसरत आली तरी मारुतीच्या गुडघ्याला होती. त्यामुळे पडद्यावर मी "तू बदललास" म्हणतो तेव्हा घाट कोरडा आहे आणि तो "मी नाही, तू बदललास" म्हणतो तेव्हा नदीला पूर आलाय. नाशिकबाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. पण नाशिककर पडद्यावर नट बघत नाही, आधी मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघतो.

आवाजाचे हाल वेगळेच. दृश्य झालं की साउंडवाला त्या जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून घेतो, एडिटिंगला संवादांच्या फटीत भरायला. सोपं वाटतं. पण गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल पथकांचा सराव असतो, आणि पथकांनाही मोकळी संध्याकाळ आमच्यासारखीच रविवारी. ढोल थांबले की कुकर, कुकर थांबला की घंटागाडीचं गाणं. माझ्या हॉलमधली तीस सेकंदांची सलग शांतता आम्हाला दीड वर्षात एकदाच मिळाली. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार, रात्री साडेनऊनंतर. अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल आपण नुकतीच हरलो होतो. अख्ख्या इंदिरानगरात फटाका सोडा, भांडंसुद्धा वाजलं नाही. साउंडवाला रडत रडत म्हणाला, "काय टोन मिळालाय!"

नाशिकमध्ये सिनेमा करणाऱ्याच्या तोंडात दिवसातून तीनदा दादासाहेब फाळके येतात. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढल्यावर बिऱ्हाड नाशिकला आणलं आणि १९४४ साली गेलेही इथेच, त्यामुळे लांब्याला ते चुलत आजोबा वाटतात. भिशी थकली की तो म्हणायचा, "फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती." एकदा हे तो माझ्या बायकोसमोर म्हणाला.

"आणि त्यांच्या बायकोचे, सरस्वतीबाईंचे दागिने कुणी विकले, भावोजी?" ती म्हणाली. "शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांनी केला, वर फिल्मला भोकंही त्यांनीच पाडली. तुम्ही अजून लग्न नाही ना केलंत?"

लांब्या त्या दिवशी चहा न घेता गेला. पण सुधारला नाही. चौथ्या मित्राच्या मैत्रिणीचं काम करणारी मुलगी सीएच्या परीक्षेमुळे येईना, तेव्हा तो म्हणाला, "फाळक्यांना तरी कुठे बाई मिळाली? तारामतीचं काम अण्णा साळुंक्यांनी केलं, हॉटेलात स्वयंपाकी होते ते." आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मी मॅडमकडे पाहिलं. "मिशी कंटिन्युइटीत आहे," ती म्हणाली. सव्वादोन वर्षांत मिशी माझ्या कामी आली ती एवढ्या एकदा.

एरवी तिने छळलंच. फाळक्यांच्या काळी नटांनी घरी "हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे" असं सांगायचं म्हणे, सिनेमा हलका समजत म्हणून. मी अंबडला खरोखरच्या कारखान्यात क्वालिटीत आहे आणि तिथे मला सिनेमा लपवावा लागला, कारण रविवारच्या ओव्हरटाइमला मी 'आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय' सांगत होतो. मिशीबद्दल विचारलं तेव्हा तोंडातून गेलं, "नवस आहे." पुढच्या आठवड्यात कँटीनवाल्याने विचारलं, देवी कुठली, आणि मुलासाठी चालेल का.

मेहुणीच्या लग्नात तर घरात अबोला झाला. बायकोचं म्हणणं, मंगळाष्टकांना तरी माणसासारखा दिस. मी म्हटलं, मिशी माझी नाही. लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे आमचाच कॅमेरामन. वधूवरांना सोडून त्याने माझे चार क्लोजअप काढले आणि मॅडमना पाठवले.

आम्ही थांबून राहायचं ठरवलं होतं, पण बाकी काही थांबलं नाही. सिनेमात जो पुण्याला जाणार म्हणून रात्रभर रडतो, त्याला खरोखरच पुण्याला नोकरी लागली. मग तो शनिवारी रात्री हिंजवडीहून निघायचा, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचा, नारायणगावला चहा, संगमनेरला पुन्हा चहा, पहाटे नाशिकला पोहोचायचा आणि लाल डोळ्यांनी म्हणायचा, "मी नाही जात रे पुण्याला." लगेच दुपारी परत. ज्याला काहीच बदलायला नको होतं त्याचं लग्न झालं. त्याच्या बोटातली अंगठी निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी तो हात खिशात घालून सगळा सिनेमा बोलला. लग्न ठरलेल्याचं मात्र मोडलं. तो सेटवर येऊन आनंदाने पत्रिका वाटण्याचं दृश्य करायचा, आणि कट म्हटल्यावर पाच-दहा मिनिटं आम्ही कुणी त्याच्या जवळ जात नव्हतो. लांब्यासुद्धा नाही.

माझ्या फ्लॅटचा हप्ता दोनदा वाढला. संवादातला आकडा जुनाच आहे. ऐकून हेवा वाटतो.

सप्टेंबर २०२४मधल्या एका रविवारी लांब्याने पिक्चर लॉक, म्हणजे एडिटिंग पक्कं झाल्याचं जाहीर केलं आणि माझ्याच हॉलमध्ये पडदे ओढून टीव्हीवर सगळ्यांना दाखवलं. बरा आहे. खरं सांगायचं तर बराच बरा आहे, फक्त मी हे तटस्थपणे सांगू शकत नाही. घाटावरच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये एक गाय आमच्यामधून सावकाश चालत जाते. ती तशीच ठेवली. आता सेन्सॉरसाठी प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र लागणार आणि गाय कुणाची हे कुणालाच माहीत नाही. सिनेमाचं नावही ठरलेलं नाही. ते सोडा.

दाराचं दृश्य आलं. मी बाहेरून बेल दाबतो तो जुलै २०२२चा. दार उघडतं आणि आत येतो तो ऑगस्ट २०२४चा. उंबरठा ओलांडताना माझं वजन सहा किलोंनी वाढतं आणि कानावरचे केस पांढरे होतात. मिशी तेवढी जशीच्या तशी. आई म्हणाली, "बाहेर फार वेळ उभं ठेवलं का रे तुला?" लांब्या म्हणाला, फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच रोज एकेक चौकट टिपत चित्रित केली होती, 'अंकुराची वाढ'. मी शर्टाचं बटण सोडलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलूनमध्ये गेलो. नेहमीचा कारागीर गावी गेला होता, नवा पोरगा होता. खुर्चीत बसलो, मान मागे टाकली. "कसं करायचं साहेब?" त्याने विचारलं. सवयीने हात खिशात गेला. मोबाइल काढून मॅडमनी पहिल्या दिवशी काढलेला, समोरून घेतलेला तो फोटो त्याच्यापुढे धरला.

त्याने फोटो पाहिला, आरशात मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"धाकटे भाऊ का तुमचे?"

"हो," म्हटलं. "त्याची काढून टाक."