कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे सुटलात, हे कोणी सांगितलं?

घोडबंदरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर फिरणारा मेसेज शेवटी कळव्याच्या वहिनींपर्यंत पोचला. 'मुलाचं हाड सारखं मोडतंय? कॅल्शियम, व्हिटॅमिन डी तपासा. नॉर्मल आलं तर ठिसूळ हाडांचा आजार नाही. आईवडिलांना नसेल तर मुलाला होत नाही. पक्क्या निदानाला हाडाचा तुकडा काढावा लागतो. रोज दूध-नाचणी द्या.' त्यांच्या मुलाचा हात वर्षात दुसऱ्यांदा प्लास्टरमध्ये आहे. रिपोर्टचा फोटो आला, कॅल्शियम ९.६, आणि खाली, 'भाऊजी, सुटलो ना?'

सुटलो कसले! ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजेच मेसेजमधला ठिसूळ हाडांचा आजार, हा कॅल्शियम कमी पडण्याचा आजार नाहीच. बिघाड असतो टाइप वन कोलॅजेनमध्ये, म्हणजे ज्या प्रथिनाच्या जाळीवर कॅल्शियम बसतं त्या जाळीत. स्लॅबच्या सळ्या कच्च्या असताना सिमेंटच्या गोण्या मोजण्यातला हा प्रकार. आनुवंशिक आजारांसाठी डॉक्टर जे 'जीनरिव्ह्यूज' उघडतात, त्यात सरळ लिहिलंय की या आजारात कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी सहसा नॉर्मलच असतात. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तात मोजलं जाणारं एन्झाइम फ्रॅक्चरनंतर वाढू शकतं, इतकंच. म्हणजे ज्या रिपोर्टवर हा मेसेज 'आजार नाही' म्हणतो, अगदी तसाच रिपोर्ट आजार असलेल्या पोराचाही येतो. आणि तो बघून आईबाप पुढची तपासणीच सोडून देतात.

बरं, ती रक्ततपासणी वाया जात नाही, हे मान्य. मुडदूस आहे का ते बघायला ती लागतेच.

आईवडिलांचं म्हणाल, तर जनुकातला बदल मुलातच पहिल्यांदा होऊ शकतो. शिवाय आजार सौम्य असला तर आईबापांपैकी एकाला असूनही कळलेला नसतो.

हाडाचा तुकडा? काहीतरीच. रक्त किंवा लाळेच्या नमुन्यावर जनुक तपासणी होते. पूर्वी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन कोलॅजेन बघायचे. बहुतेक रुग्णांत दोष सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ या जनुकांत सापडतो. नाही सापडला तरी आजार नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर एक्स-रे, दात, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाची निळसर झाक हे सगळं जुळवून बघतात.

दूध-नाचणी द्या की, कोण नको म्हणतंय! जनुक त्याने बदलत नाही.

वहिनींना कळवलंय: दोन्ही वेळचे एक्स-रे घेऊन लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा, जनुक तपासणीचं विचारा. माहेरी कोणाची हाडं लहानपणी मोडायची का, कोणाला ऐन तरुणपणी कमी ऐकू यायला लागलं का (तीही याच आजाराची खूण असू शकते), हे आधीच विचारून ठेवा. आमच्याकडचं मी आईला विचारतो.